"तू पळून का नाही गेलास?" : वेठबिगारीसाठी माणसं आणणाऱ्यांवरचे खटले कोर्टात का टिकत नाहीत

ओंजळभर (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं कितीतरी दिवस मनात होतं, आज झोपच येत नाहीये म्हणून लिहायला बसले. मी कोर्टात आणि पोलीस जबाबाच्या वेळी दुभाषी म्हणून काम करते, अकरा वर्षं झाली. देश कुठला, कोर्ट कुठलं, खटला कुणाचा हे लिहिणार नाही, तसं लिहिता येतही नाही, त्यामुळे प्लीज विचारू नका. पण एक प्रश्न या अकरा वर्षांत मी इतक्या वेळा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलाय की आता उलटतपासणीला वकील उभा राहिला की प्रश्न यायच्या आधीच माझ्या तोंडात त्याचं भाषांतर तयार असतं. "तू पळून का नाही गेलास?"

एक प्रसंग सांगते. साक्षीदार पंचविशीतला मुलगा, आपलीच भाषा बोलणारा. एका पॅकिंग शेडमध्ये १९ महिने राबलेला, रोज चौदा-चौदा तास, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार "हिशोब शेवटी करू" म्हणून अडकवलेला, आणि एजंटला द्यायला घरच्यांनी काढलेलं कर्ज डोक्यावर. बचावाच्या वकिलाने एक फोटो समोर धरला. मुलगा बाजारात उभा आहे, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, हसतोय. हा तूच ना? त्या दिवशी तुला कोणी अडवलं होतं का? बरोबर पहारेकरी होता का? मग परत शेडवर का गेलास? मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "फोटो आईला पाठवायला काढलेला. शर्ट माझा नाहीये." मी जसंच्या तसं सांगितलं. पण विचारलंय त्याचं उत्तर हे नाही म्हणून वकिलाने परत विचारलं, हो की नाही तेवढं सांग, आणि शेवटी नोंदीत काय राहिलं तर साक्षीदार बाजारात गेल्याचं मान्य करतो. आरोपी तस्करीच्या आरोपातून सुटला. पगार थकवल्याबद्दल दंड झाला, बस तेवढंच.

मला जे वाटतं ते असं की कायद्याला साखळदंड लागत नाही, पण कोर्टात बसलेल्यांच्या डोक्यात अजूनही साखळदंडच असतो. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी तस्करीविरोधी करार केला, पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात त्याला, २००३ च्या डिसेंबरमध्ये तो लागू झाला आणि आज जगातल्या बहुतेक देशांचे कायदे त्याच साच्यातले आहेत. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. कृती, म्हणजे माणसाला भरती करणं, नेणं, आसरा देणं वगैरे. मार्ग, म्हणजे धमकी, जबरदस्ती, फसवणूक किंवा माणसाच्या असहाय परिस्थितीचा गैरफायदा. आणि हेतू, म्हणजे शोषण. यातला कुठलाही मार्ग वापरला असेल तर त्या माणसाची संमती होती की नव्हती याला काही अर्थ राहत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अल्पवयीन असेल तर मार्ग सिद्ध करायचीही गरज नाही. कागदावर इतकं चांगलं आहे हो. पण "असहाय परिस्थितीचा गैरफायदा" म्हणजे नेमकं काय याची व्याख्या करारात नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण असे बहुतेक खटले मारहाणीचे नसतातच, ते याच एका वाक्यावर उभे असतात.

जाता जाता एक, मी मुद्दाम "सक्तमजुरी" शब्द टाळतेय. आपल्याकडे तो शब्द आरोपीला होणाऱ्या शिक्षेसाठी इतका रुळलाय की बळीच्या बाबतीत वापरला की वाचणारा गोंधळतो. म्हणून सक्तीची मजुरी किंवा वेठबिगारी म्हणेन.

कायद्याच्या क्षेत्रातले, कामगार खात्यातले कुणी इथे असतील तर प्लीज लिहा. तुम्हाला काय दिसतं?

काळाकोट:

चांगला धागा. मी फौजदारी वकील, काही वर्षं सरकारी बाजूने उभा होतो त्यामुळे तिकडची अडचण सांगतो. तुम्ही म्हणता त्या तीन गोष्टी एकाच माणसाने केलेल्या नसतात. गावात येऊन स्वप्नं दाखवणारा वेगळा, तिकीट-व्हिसा करणारा वेगळा, विमानतळावर घ्यायला येणारा वेगळा आणि प्रत्यक्ष राबवून घेणारा मालक वेगळा. पहिले दोघे दुसऱ्या देशात, तिथून पुरावा मागवायचा तर पत्रव्यवहारातच वर्ष जातं. मालक म्हणतो मला एजंटने माणसं दिली, त्यांना काय सांगून आणलं मला काय माहीत. एजंट म्हणतो मी फक्त नोकरी लावून दिली, पुढे मालकाने काय केलं मला काय माहीत. दोघांच्या मध्ये हेतू नावाची गोष्ट हवेत लटकते आणि वाजवी संशयाचा फायदा दोघांनाही मिळतो.

साखळदंडाचं म्हणाल तर ते नुसतं डोक्यातच नाही, एकेकाळी कायद्यातही होतं. अमेरिकेतला कोझमिन्स्की खटला बघा. मिशिगनमधल्या डेअरी फार्मवर दोन बौद्धिकदृष्ट्या अपंग पुरुष आठवड्याचे सातही दिवस, कित्येकदा दिवसाला १७ तास, शेवटी शेवटी तर बिनपगारी राबत होते. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इच्छेविरुद्धची गुलामी म्हणायची तर शारीरिक बळ किंवा कायद्याचा बडगा, किंवा त्यांची धमकी, हे दिसलं पाहिजे. नुसता मानसिक दबाव पुरेसा नाही. बारा वर्षांनी, २००० साली, तिथे नवा कायदा आला आणि सक्तीच्या मजुरीचा गुन्हा वेगळा करून त्यात धमकावण्याच्या, कायद्याची भीती घालण्याच्या पद्धती आणल्या. २००८ च्या दुरुस्तीत आर्थिक आणि बदनामीचं नुकसानही "गंभीर हानी"त धरलं गेलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, म्हटलं होतं की पोटाची भूक आणि दुसरा पर्याय नसणं हीसुद्धा सक्तीच आहे, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरीच. पण तो घटनात्मक निकाल आहे. फौजदारी खटल्यात समोर उभ्या असलेल्या एका माणसाला वर्षानुवर्षं तुरुंगात पाठवायचं असतं तेव्हा न्यायाधीशाचा हात आखडतो, आणि तो आखडावा असंही मला वाटतं, फक्त पुरावा तेवढा भक्कम असायला हवा.

सरळरेष:

मला यातलं फारसं कळत नाही, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. कमी पगार, जास्त तास, वाईट खोली, हे जगात कोट्यवधी लोक सहन करतात. नाइलाजाने करतात. मग त्यातलं कुठलं "वाईट नोकरी" आणि कुठलं "मानवी तस्करी"? रेघ कुठे आहे? सगळ्याच वाईट मालकांना तस्कर म्हटलं तर खऱ्या तस्करीचं गांभीर्य कमी नाही का होणार? आणि तो मुलगा बाजारात जात होता, परत येत होता, मग वकिलाने विचारलं त्यात त्याचं काय चुकलं?

ओंजळभर:

सरळरेष, राग कसला, कोर्टात सगळे हाच प्रश्न मनात धरून बसलेले असतात, तुम्ही निदान विचारलात. रेघेचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट ग्रीसच्या एका प्रकरणात सापडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनोलाडा नावाच्या गावात स्ट्रॉबेरीची शेती. २०१२ च्या शेवटी आणि २०१३ च्या सुरुवातीला तिथे बांगलादेशी मजूर कामाला लागले, कुणाकडेच कामाचा परवाना नव्हता. सात तासांचे २२ युरो आणि वरच्या प्रत्येक तासाचे ३ युरो ठरले होते. प्रत्यक्षात सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत काम, वर बंदूकधारी पहारेकरी, राहायला पुठ्ठे, नायलॉन आणि बांबूच्या झोपड्या, ना संडास ना नळ. पगार मिळेना. मागितला की मालक सांगायचे की काम करत राहिलात तरच पैसे मिळतील. लोकांनी संप केले, उपयोग झाला नाही. १७ एप्रिल २०१३ ला मालकांनी त्यांच्या जागी दुसरे मजूर आणले, हे लोक आपले थकलेले पैसे मागायला पुढे गेले, आणि पहारेकऱ्याने गोळ्या झाडल्या. ३० जण जखमी झाले.

आता इतकं होऊनसुद्धा २०१४ मध्ये ग्रीक न्यायालयाने तस्करीच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. कारण काय तर मजूर फावल्या वेळात बाहेर जाऊ शकत होते, त्यांना अटी माहीत होत्या, सोडून जाणं शक्य होतं. म्हणजे तुमचाच बाजाराचा मुद्दा. गोळीबाराबद्दल दोघांना शिक्षा झाली तीही नंतर पैसे भरून फेडता येईल अशी करून दिली, आणि ३५ मजुरांना मिळून भरपाई १,५०० युरो, म्हणजे माणशी ४३ युरोच्या आसपास.

४२ मजूर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि ३० मार्च २०१७ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यात. एक, हिंडण्या-फिरण्यावर बंदी असणं ही सक्तीच्या मजुरीची अट नाही, ग्रीक न्यायालयाने वेठबिगारी आणि माणसाला डांबून ठेवणं या दोन गोष्टी एकात मिसळल्या. दुसरं, कामाला लागताना दिलेला होकार पुरेसा नाही, मालक जर आपल्या ताकदीचा किंवा मजुराच्या असहायतेचा फायदा घेऊन पिळत असेल तर तो मजूर स्वेच्छेने काम करतोय असं म्हणता येत नाही.

म्हणजे रेघ दारावर नाहीये. रेघ इथे आहे: हा माणूस उद्या काम सोडतो म्हणाला तर त्याचं काय होईल? वाईट नोकरीत माणूस सोडून जातो आणि त्या महिन्याचा पगार बुडतो. इथे सोडलं तर १९ महिन्यांचा पगार बुडतो, पासपोर्ट राहतो मालकाकडे, रस्त्यावर पहिला पोलीस भेटला की बेकायदा म्हणून आत, आणि गावी सावकार दारात. थकलेला पगार हाच साखळदंड आहे. जितका जास्त थकेल तितका जड. म्हणून तो मुलगा बाजारातून परत गेला, कारण त्याचे सगळे पैसे त्या शेडमध्ये होते.

नोंदवही:

ओंजळभर, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. मी कामगार निरीक्षक होतो, आता निवृत्त. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वेठबिगारीच्या ११ खुणा दिल्यात, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, एकटं पाडणं, बेसुमार ओव्हरटाइम वगैरे. त्यातल्या अर्ध्याअधिक खुणा साक्षीदाराने तोंड न उघडता सापडतात. पण तपास करणारे पोलीस पहिल्या दिवशी काय शोधतात? कुलूप आणि वळ. ते नाही दिसले की "इथे तसं काही नाही".

मी काय बघायचो ते सांगतो. हजेरीपट. एका ठिकाणी तीस माणसांचा महिनाभराचा हजेरीपट एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेला होता. रोज भरलेला हजेरीपट असा दिसत नाही हो, रोजच्या हजेरीपटावर चहाचे डाग असतात, शाई बदलते, कुणीतरी चुकून दुसऱ्याच्या रकान्यात सही करतं. हा एका बैठकीत लिहिलेला होता. मग खोलीत गेलो. गाद्या मोजल्या, चपलांचे जोड मोजले. हजेरीवर तीस, चपला बेचाळीस. आणि दाराच्या मागे एक शंभरपानी वही लटकवलेली, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे उचल, खोलीभाडं, गॅस, प्रवास, दंड, आणि शेवटी "बाकी". बाकी दर महिन्याला वाढत गेलेली. काम करतोय आणि कर्ज वाढतंय. ती वही म्हणजे अख्खा खटला होता. पण आमच्याबरोबर आलेल्यांनी ती जप्तीच्या पंचनाम्यात घेतली नाही, कारण त्यांच्या लेखी ती मजुरांची खाजगी वही. चार दिवसांनी परत गेलो तर खिळा होता, वही नव्हती. तेव्हाच हातात धरून बसायला हवं होतं, मी ते केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं, छाप्याला जर परदेशी नागरिकांचे कागद तपासणारे अधिकारी सोबत आले तर साक्षीदार संपला म्हणून समजा. एकतर तो पळतो, नाहीतर धरून परत पाठवला जातो आणि वर्षभराने खटला उभा राहतो तेव्हा सरकारी पक्षाकडे साक्षीला कुणीच नसतं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल मॉन्टेला काटेरी तारांच्या आड शिवणकाम करणारे ७२ थाई कामगार सोडवले, तर त्यांनाही आधी कोठडीतच नेलं होतं. तिथे संघटना मागे लागल्या म्हणून ते सुटले आणि साक्षीला उभे राहिले.

उलट ब्राझीलने १९९५ पासून फिरती पथकं केली, कामगार निरीक्षक पुढे, पोलीस त्यांच्या रक्षणाला, आणि कामगारांच्या प्रकरणांचा सरकारी वकीलही सोबत. थकलेला पगार जागेवरच हिशोब करून द्यायला लावतात. आणि २००३ मध्ये त्यांनी फौजदारी कायद्यातली व्याख्याच बदलली, माणूसपणाला काळिमा लागेल अशी परिस्थिती किंवा शरीर मोडेपर्यंतचे तास, एवढ्यावरही गुन्हा होतो, डांबून ठेवलंच पाहिजे असं नाही. शिक्षा तिथेही कमीच होतात, पण सुटलेला माणूस रिकाम्या हाताने तरी जात नाही.

तांबडफुटी:

बँकेत संशयास्पद व्यवहार तपासायच्या विभागात आहे. नोंदवही काकांच्या वहीसारखंच आमच्याकडेही असतं, फक्त स्क्रीनवर. नऊ वेगवेगळ्या लोकांची खाती, सगळ्यांचा पत्ता एक, मोबाइल नंबर एक, पगार जमा झाला की दहा मिनिटांत एकाच एटीएममधून एकापाठोपाठ नऊ कार्डांनी पैसे काढले जातात. नऊ माणसं अशी रांगेत उभी राहून रोज शेवटचा रुपया काढत नाहीत, एकच माणूस नऊ कार्डं घेऊन उभा असतो. ब्रिटनमधल्या ऑपरेशन फोर्ट नावाच्या पोलीस तपासात दिसलं की पोलंडहून आणलेल्या बेघर, व्यसनी, तुरुंगातून सुटलेल्या लोकांच्या नावाने टोळीने अशीच खाती उघडली होती, ४०० हून जास्त बळी असावेत असा अंदाज होता, २०१९ मध्ये आठ जणांच्या शिक्षा जाहीर झाल्या. तिथे बळी बोललेच, पण त्यांच्या बोलण्याला कागदाचा टेकू होता. आम्ही असा रिपोर्ट पाठवतो तेव्हा तो मनी लाँडरिंगच्या गठ्ठ्यात जातो, तस्करी तपासणाऱ्यापर्यंत पोचतो का ते आम्हाला कधीच कळत नाही.

उंबरठा:

मी इथे फक्त वाचत असते, कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

मी परदेशात एका घरी कामाला होते. तीन वर्षं. कुलूप नव्हतं. मुलांना शाळेच्या बसपर्यंत रोज मीच सोडायचे, म्हणजे रोज रस्त्यावर होते. पळाले का नाही? कारण माझ्या भावाने एजंटच्या कागदावर सही केली होती. कारण मला तिथली भाषा येत नव्हती आणि पोलिसांच्या गाडीचं नुसतं तोंड दिसलं तरी पोटात गोळा यायचा, बाईंनी पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं की तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे, घराबाहेर गेलीस तर चोरीची तक्रार करीन. आणि खरं सांगू का, कारण धाकटी मुलगी माझ्याशिवाय झोपायची नाही. हे कोर्टात कसं सांगायचं? सांगितलं असतं तर म्हणाले असते बघा, घरच्यासारखी ठेवली होती.

पहिला जबाब झाला तेव्हा दुभाषी म्हणून ज्यांना बोलावलं ते बाईंच्या ओळखीचे निघाले. मी त्यांना एकदा जेवण वाढलं होतं. मी सगळं "बरं आहे, काही तक्रार नाही" सांगितलं. चार महिन्यांनी खरं सांगितलं तेव्हा म्हणाले आधी वेगळं सांगितलंत, आता वेगळं सांगताय.

काळाकोट:

उंबरठा, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. तुमच्या जबाबात झालं ते कायद्याच्या भाषेत "विसंगती" आणि बचाव पक्षाचा अर्धा खटला त्याच्यावर चालतो. खरंतर घाबरलेल्या माणसाचे पहिला आणि दुसरा जबाब तंतोतंत जुळले तरच संशय यायला हवा. युरोपच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात याच कारणासाठी किमान ३० दिवसांची मुदत ठेवलीय, त्या काळात बळीला देशाबाहेर काढायचं नाही, त्याने सावरायचं आणि मग ठरवायचं साक्ष द्यायची का. माझा अनुभव असा की ३० दिवसांत माणूस धड झोपायला लागतो, बोलायला नाही.

घरकामगारांत आणखी एक भिंत असते, मालक राजनैतिक अधिकारी असेल तर त्याच्यावर दावाच चालत नव्हता. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बसफर विरुद्ध वाँग मध्ये ती थोडी फोडली, घरात माणसाला अशा प्रकारे राबवून घेणं हा मालकाचा नफ्याचा धंदा आहे, त्याला राजनैतिक संरक्षणाचं कवच मिळणार नाही असं म्हटलं. पण हा दिवाणी दावा होता हे लक्षात घ्या, फौजदारी खटल्यात ते कवच अजून शाबूत आहे.

खलाशी_सात:

जमिनीवर निदान कुठल्या पोलीस ठाण्यात जायचं हे तरी कळतं. मासेमारी बोटींवर माणूस एका देशातला, भरती करणारी एजन्सी दुसऱ्या देशातली, मालक कंपनी तिसऱ्या आणि झेंडा चौथ्याच देशाचा. खोल समुद्रात कायदा झेंड्याचा चालतो. आणि मासळी समुद्रातच दुसऱ्या बोटीवर चढवतात, डिझेल आणि राशन समुद्रातच उतरवतात, त्यामुळे बोट महिनोन्महिने बंदराला लागतच नाही. मी मालवाहू जहाजावर होतो, एकदा अशा बोटीवरच्या एका माणसाने लांबून पाण्याची रिकामी बाटली हलवून दाखवली होती, आम्ही पाणी दिलं, नाव विचारलं, त्याने नाव सांगितलं पण आज तारीख काय आहे हे आम्हालाच विचारलं. आम्ही लॉगबुकात नोंद केली, बंदरात कळवलं. पुढे काय झालं माहीत नाही. बोटीवरच्या कामगारांसाठी २००७ चा आंतरराष्ट्रीय करार आहे पण थोड्याच देशांनी तो मान्य केलाय.

सरळरेष:

वाचून सुन्न झालो. उंबरठा, बाजाराबद्दल मी जे विचारलं त्याबद्दल मनापासून माफी.

एक मात्र अजून समजत नाही. इतकं अवघड आहे तर तस्करीचंच कलम कशाला हवं, पगार थकवला, पासपोर्ट ठेवला, मारहाण केली, हे साधे गुन्हे लावून शिक्षा नाही का करता येणार?

काळाकोट:

येते, आणि सरकारी वकील तेच करतात. २००४ मध्ये ब्रिटनच्या मोरकम बे मध्ये शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले, तिथे टोळीच्या मुकादमाला सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्हे मिळून १४ वर्षं झाली. शिक्षा झाली हे चांगलंच. पण कलम बदललं की माणसाची जागा बदलते. तस्करीचा बळी म्हणून राहण्याचा परवाना, निवारा, भरपाईचा हक्क, हे सगळं त्या शिक्क्यावर अवलंबून असतं. पगार थकलेला बेकायदा मजूर म्हणून नोंद झाली की त्याला विमानात बसवायला सगळे मोकळे. आणि मालक दंड भरून पुढच्या हंगामात नवी माणसं आणतो, त्याच्या हिशोबात तो दंड म्हणजे खर्चाचा एक रकाना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलर बेकायदा नफा होतो असं दिलंय, त्यातला मोठा भाग लैंगिक शोषणातला आहे हे खरं, पण २०२१ साठीच्या अंदाजात २.७६ कोटी लोकांपैकी १.७३ कोटी खाजगी क्षेत्रातल्या इतर कामांत होते. शेती, बांधकाम, घरकाम, कारखाने. तस्करीच्या खटल्यांत मात्र हे लोक संख्येच्या मानाने फार कमी दिसतात.

नोंदवही:

आणि आता तर बळीच आरोपी म्हणून उभा राहतोय. ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे बघा, नोकरीच्या नावाने तरुण मुलांना नेतात आणि दिवसभर लोकांना फसवायला बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात १,००,००० च्या आसपास लोक असे अडकले असावेत असं म्हटलं होतं. सुटून आले की हातात लॅपटॉपवरचे चॅट, फसवलेल्यांची यादी, सगळा पुरावा त्यांच्याच विरुद्ध. बळजबरीने करायला लावलेल्या गुन्ह्याची शिक्षा बळीला नको, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१४ च्या प्रोटोकॉलमध्ये आहे, पण ते लागू व्हायला आधी कुणीतरी बळी म्हणून ओळखायला हवं ना.

उंबरठा:

ओंजळभर ताई, त्या निळ्या शर्टवाल्या मुलाला त्याचा पगार मिळाला का?

ओंजळभर:

काही महिन्यांचा मिळाला, सगळा नाही. लिहून ठेवलेलं काही नव्हतं त्यामुळे किती तास, किती महिने यावर मालक म्हणेल ते धरलं गेलं. नोंदवही काकांची ती वही असती तर, हे आता मला झोपू देणार नाही.

उंबरठा, तुमच्या जबाबाला बसलेल्या त्या दुभाषाबद्दल वाचल्यापासून एक गोष्ट सांगायची राहिलीय. तो मुलगा पहिल्या जबाबात म्हणाला होता, "त्यांनी मला ठेवून घेतलं." आपल्याला माहितीये याचे दोन अर्थ होतात, कामावर घेतलं आणि जाऊ दिलं नाही. मी त्या जबाबाला नव्हते, जे होते त्यांनी "नोकरी दिली" असं भाषांतर केलं. एक ओळ. "उचल"चं त्यांनी साधं कर्ज केलं, आणि कर्ज म्हटलं की ते घेणाऱ्याने स्वतःहून मागितलेलं असतं, उचल मात्र मुकादम हातात कोंबतो. तो कागद शेवटपर्यंत त्या मुलाच्या विरुद्ध वाचला गेला आणि मी त्याच्या शेजारी बसून तो वाचलेला ऐकला. दुभाषाने मधे बोलायचं नसतं असं मी शिकले होते, म्हणून गप्प बसले.

आता नाही बसत. गेल्या महिन्यात वेगळ्या खटल्यात, वेगळ्या साक्षीदाराच्या तोंडून पुन्हा तेच आलं, "ठेवून घेतलं". मी थांबले आणि न्यायाधीशांना सांगितलं की या शब्दाचे दोन अर्थ होतात, यातला कुठला ते मी ठरवू शकत नाही, कृपया साक्षीदारालाच विचारा. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती बाजूला ठेवून विचारलं, कुठल्या अर्थाने? साक्षीदाराने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाला, "आधी पहिल्या, मग दुसऱ्या." दोन्ही अर्थ नोंदीत आले. पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे.